कुत्र्याचे पिक्चर आणि आमचा काळू

दिवाळीत ताई मुलाला घेऊन गडचांदूरला आली. भाचा नऊ वर्षांचा. त्याची एकच मागणी होती : रोज रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून एक कुत्र्याचा पिक्चर बघायचा. मी पीएचडी करते म्हणजे मला सगळं माहीत असतं असा आमच्या घरात समज आहे, त्यामुळे यादी करायचं काम माझ्याकडे आलं. यादी करायला बसले आणि स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, “शेवटी कुत्रं मरते काय? मरत असन तं मले नको बोलावू.”

आजीच्या या प्रश्नामागे आमच्या घरातला काळू आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी यादी. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत त्यांच्याकडून मला सारखा एक प्रश्न येतो : ‘साधनचिकित्सा’ हा शब्द पुस्तकात वाचला, पण प्रत्यक्षात करायचं काय असतं? मी आजवर बखरी, पत्रव्यवहार अशी उदाहरणं दिली. या वेळी कुत्र्यांचे पिक्चर घेऊन बघू. माझा विषय औद्योगिक वसाहतींचा मौखिक इतिहास, म्हणजे कुत्र्यांशी काही संबंध नाही असं मलाही वाटत होतं.

पहिल्या रात्री मी मुद्दाम सगळ्यात जुनी फिल्म लावली. ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’, १९०५, इंग्लंड. जेमतेम साडेसहा मिनिटांची, मूकपट. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या घरचीच सगळी मंडळी तिच्यात आहेत : तो स्वतः बाप, त्याची बायको आई, त्यांची तान्ही मुलगी बाळ, आणि घरचा कुत्रा ब्लेअर हा रोव्हर. गोष्ट त्याच्या बायकोनेच लिहिली. दाई बाळाला गाडीतून फिरायला नेते, वाटेत एक भिकारीण हात पसरते, दाई तिला झिडकारते. पुढे दाई एका शिपायाशी गप्पा मारत उभी असताना भिकारीण बाळ उचलून नेते. रोव्हर धावतो, नदी पोहून जातो, गरीब वस्तीत एकेक दार हुंगत बाळाचा पत्ता लावतो आणि मालकाला तिथे घेऊन येतो. लोकांना ही फिल्म इतकी आवडली, की प्रती काढून काढून मूळ निगेटिव्ह झिजली आणि सगळी फिल्म आणखी दोनदा पहिल्यापासून चित्रित करावी लागली.

भाच्याला कुत्रा पोहतो तो भाग आवडला. आजी म्हणाली, “त्या बाईले दोन पैसे देले असते तं एवढं झालंच नसतं.”

मी वही काढून हे लिहून घेतलं. कारण चिकित्सा म्हणतात ती हीच. फिल्म कुत्र्याच्या इमानदारीची आहे असं तिचं नाव सांगतं. पण इमान कोणाशी? कुत्रा कोणत्या घरातून निघतो आणि कोणत्या वस्तीत जाऊन हुंगतो? चोर कोण असणार हे बघणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही, हे १९०५ च्या इंग्लंडबद्दल बरंच काही सांगून जातं. साधन जे सांगायला निघालेलं असतं त्याच्यापेक्षा जे सहज, न कळत सांगून जातं, ते आपल्या कामाचं असतं.

‘लॅसी कम होम’ (१९४३) या बाबतीत तर सोन्याची खाण आहे. यॉर्कशरमधलं गरीब घर. काम नाही म्हणून बाप मुलाचा लाडका कुत्रा एका श्रीमंत ड्यूकला विकतो. ड्यूक त्याला पार स्कॉटलंडला नेतो आणि लॅसी तिथून पायी घरी येते. मुलं रडतात ती लॅसीसाठी, पण पिक्चरमधला सगळ्यात खरा क्षण मला वाटतो तो विक्रीचा. ‘कुत्रा कुठे गेला’ याचं उत्तर आईबाप मुलाला धड देऊ शकत नाहीत. बेकारी घरात कशी शिरते याच्यावर मी बरेच लेख वाचलेत, पण शिकवायला हा प्रसंग जास्त उपयोगी पडेल. (लॅसी मादी असली तरी पडद्यावर पाल नावाचा नर होता. मौखिक साधनं वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, भूमिका वेगळी आणि ती करणारा वेगळा.)

‘ओल्ड येलर’ (१९५७) मी यादीतून काढली. डिस्नेची आहे, सहकुटुंब बघण्यासारखी आहे, पण शेवटी पिसाळलेल्या कुत्र्याला मुलगा स्वतः गोळी घालतो. गोष्ट १८६० च्या दशकातल्या टेक्ससमधली आहे. पाश्चरने रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा दिली ती १८८५ साली, म्हणजे त्या मुलाच्या काळात चावलेल्या माणसालाही काही उपाय नव्हता. आज आहे. विषय निघालाच आहे तर सांगते : कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-मिरची काही भरायची नाही. आमच्याकडे अजून भरतात.

आता जरा थांबून तुम्हाला एक गोष्ट दाखवते, जी यादी करताना माझ्या लक्षात आली. खऱ्या कुत्र्यांवर म्हणून जे पिक्चर आहेत, त्यांतल्या बहुतेक कुत्र्यांचा आधी पुतळा झालाय. पिक्चर नंतर आला.

एडिंबरोचा बॉबी. मालकाच्या थडग्यापाशी चौदा वर्षं बसून राहिला म्हणतात. पुतळा १८७३, डिस्नेचा पिक्चर १९६१. यान बाँडेसन या संशोधकाने २०११ साली मांडलं, की तो एक कुत्रा नसावाच, एक मेल्यावर त्याच्या जागी दुसरा आणला गेला असावा, कारण बॉबीला बघायला गर्दी येत होती आणि आसपासच्यांचा धंदा चालत होता.

अलास्काचा बाल्टो. १९२५ साली नोम गावात घटसर्पाची साथ आली आणि कुत्र्यांच्या गाड्यांनी, एका हातातून दुसऱ्या हातात देत, औषध तिथवर पोचवलं. गावात शिरलेल्या शेवटच्या गाडीचा म्होरक्या बाल्टो होता, त्यामुळे पेपरात नाव त्याचं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही बसला. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला होता. ‘बाल्टो’ पिक्चर १९९५ चा, ‘टोगो’ थेट २०१९ चा. दोन्ही पाठोपाठ बघा. शेवटच्या टप्प्यावर जो हजर असतो त्याचं नाव राहतं, हे कुत्र्यांपुरतं खरं नाही.

आणि हाचिको. हा सगळ्यांना माहीत असतो. टोकियोतले प्राध्यापक उएनो यांचा कुत्रा, रोज संध्याकाळी शिबुया स्टेशनवर त्यांना घ्यायला जायचा. मे १९२५ मध्ये प्राध्यापक वारले. त्यानंतर मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, तो स्टेशनवर येत राहिला. जपानी पिक्चर १९८७ चा, रिचर्ड गेअरचा २००९ चा. आमच्याकडे दुसरा बघितला आणि आजी अर्ध्यातून उठून गेली.

हे सगळं खरं आहे, पण तारखा मांडून बघा. पहिली सात वर्षं हाचिको स्टेशनवरचा एक भटका कुत्रा होता. लोक त्याला हाकलायचे. १९३२ साली एका मोठ्या वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला आणि तो एकदम राष्ट्राचा झाला. एप्रिल १९३४ मध्ये पुतळा बसला, तेव्हा तो स्वतः जिवंत होता आणि समारंभाला हजर होता. शाळेच्या नीतिपाठाच्या पुस्तकात त्याचा धडा आला. हे जपान मांचुरिया घेऊन पुढच्या युद्धांकडे निघालेलं जपान होतं आणि त्याला निष्ठेचा धडा हवा होता. युद्धाच्या शेवटी धातू कमी पडला तेव्हा तोच पुतळा वितळवला. आज दिसतो तो १९४८ चा. हाचिको मेल्यावर त्याची तपासणी झाली, त्यात पोटात भाजलेली कोंबडी खोचून विकतात तसल्या काड्या सापडल्या. स्टेशनबाहेरचे गाडीवाले त्याला खायला घालायचे. तेव्हाही काही जण म्हणालेच, की हा मालकासाठी कुठे येत होता, हा तर कोंबडीसाठी येत होता.

या काड्या लक्षात ठेवा.

आपल्याकडे पुतळा रायगडावर आहे. महाराजांच्या चितेत वाघ्या कुत्र्याने उडी घेतली अशी दंतकथा, आणि समाधीजवळचा पुतळा १९३६ चा, होळकरांच्या देणगीतून उभा राहिलेला. उडीला समकालीन कागदाचा आधार नाही. २०१२ साली काही कार्यकर्त्यांनी पुतळा काढला, काही दिवसांत तो परत बसवला गेला, आणि २०२५ मध्ये वाद पुन्हा निघाला. त्या वादात मी इथे शिरत नाही, तो एका परिच्छेदाचा नाही. पण माझी एक चूक सांगते. १९३४ टोकियो, १९३६ रायगड, या दोन तारखा शेजारी दिसल्यावर मी उत्साहात एक पान लिहून काढलं : १९३० च्या दशकातली राष्ट्रं आणि निष्ठावान कुत्रे वगैरे. गाईडनी समासात लाल शाईने तीनच शब्द लिहिले, “संबंध कशावरून?” संबंध नव्हताच. दोन तारखा जवळ आल्या म्हणजे नातं जुळत नाही. ते पान मी अजून टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

आता काळू.

माझे आजोबा सिमेंट कंपनीत होते. ऐंशीच्या दशकात इथे कंपनी उभी राहत होती तेव्हा बांधकामावर लागले आणि मग आत राहिले. काळू त्यांच्या मागे मागे गेटपर्यंत जायचा आणि सुट्टीचा भोंगा झाला की पुन्हा गेटवर हजर. १९८६ च्या जानेवारीत आजोबा गेले. मी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी : आमचा मोती तिरडीमागे नाल्यापर्यंत गेला, सरणाजवळ तीन दिवस बसून राहिला, पाण्याला तोंड लावलं नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काळू की मोती? मी मोठ्या काकांची मुलाखत घेतली तेव्हा पहिलाच प्रश्न विचारला होता, “मोती सरणाजवळ किती दिवस बसला होता?” हा प्रश्न नीट वाचा. नाव मी दिलं, जागा मी दिली, घटनाही मीच दिली. काकांना फक्त आकडा भरायचा उरला, आणि त्यांनी तो भरला. मौखिक इतिहासाच्या पहिल्या तासाला जे करू नका म्हणून शिकवतात ते मी घरात पहिल्याच फटक्यात केलं.

आजीला विचारताना शहाणी झाले होते. म्हटलं, “आजोबा गेले त्या दिवशीचं काय आठवते?” ती बराच वेळ माणसांबद्दल बोलली. कोण आलं, कोण नाही आलं, लाकडं कोणाकडून आणली. मग म्हणाली, “अन् काळू लोकांच्या अंगावर जाऊन राहिला होता, मंग त्याले मीच गोठ्यात बांधलं.” मी विचारलं, मोती? “मोती कोण? मोती तं त्या पिक्चरमधला.”

पिक्चर म्हणजे ‘तेरी मेहरबानियाँ’. १९८५ चा. जॅकी श्रॉफचा खून होतो आणि त्याचा कुत्रा मोती मारेकऱ्यांचा एकेक करून सूड घेतो. ब्राउनी नावाच्या कुत्र्याने केलेलं ते काम आहे, आणि मालक गेल्यावर मोतीचा शोक दाखवणारं गाणं आमच्या मागच्या पिढीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. एका कन्नड पिक्चरवरून तो हिंदीत आला. समीक्षकांनी त्याची थट्टा केली, अजूनही करतात. पण गावोगाव लोकांनी तो ओसरीवर बसून, डोळे पुसत बघितलाय. सहकुटुंब बघण्यासारखा आहे का? मारामारी भरपूर आहे, जरा मोठ्या मुलांना दाखवा. पण भारतातल्या कुत्र्याच्या पिक्चरचा इतिहास लिहायचा तर त्याला वगळून पुढे जाता येणार नाही. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला टफीसुद्धा चिठ्ठी पोचवतो, अंपायर होतो, पण तो लग्नघरातला पाहुणा आहे. मोती मात्र हीरो आहे, दुसऱ्या अर्ध्या पिक्चरचा सगळा भार त्याच्यावर आहे.

प्रश्न होता तो पिक्चर आमच्या घरच्यांनी कधी बघितला हा. काका म्हणाले, आजोबा असतानाच. आत्या म्हणाली, नंतर. थिएटरला कोणी गेलं नव्हतं, गणपतीत मंडळाने व्हीसीआर भाड्याने आणला होता, रात्रभर तीन पिक्चर. मग मी मंडळाच्या जुन्या वह्या शोधल्या. एका माजी कोषाध्यक्षांच्या घरी माळ्यावर वर्गणीच्या वह्यांचा गठ्ठा मिळाला, कडा वाळवीने खाल्लेल्या. १९८७ च्या वहीत ‘व्हिडिओ भाडे’ आणि खाली बॉलपेनने तीन पिक्चरची नावं. त्यात हे होतं. आजोबांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने.

म्हणजे सरण, तीन दिवस, डोळ्यांतलं पाणी आणि नाव, हे सगळं बहुधा त्या एका रात्री आमच्या घरात आलं. बहुधा म्हणते, कारण उलटतपासणी आजीचीही करायला हवी. बायका नाल्यावर गेल्या नव्हत्या. दुपारनंतर काळूला कोणी सोडलं असेल तर तिला ते कळलं नसणार. एका साक्षीदाराचं पटतं म्हणून दुसऱ्याचं आपोआप खोटं ठरत नाही.

तिसरे साक्षीदार मिळाले ते आजोबांच्या पाळीतले एक जुने कामगार. त्यांना पिक्चरबिक्चर आठवत नव्हता. ते म्हणाले, “काळं कुत्रं ना? भोंगा झाला का येऊन बसे. तुमचे आजोबा गेल्यावरबी दोन-तीन वर्षं येत होतं. डब्यातली उरलेली भाकर आम्ही त्यालेच टाकत होतो. सगळ्याइचंच होतं ते.”

आल्या का काड्या? हे ऐकल्यावर मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. इतकी वर्षं आपण ज्याला निष्ठा म्हणत होतो ती भाकर होती तर. मग हाचिकोच्या नोंदी परत चाळल्या आणि स्वतःचाच राग आला. भाकर मिळते म्हणून आला आणि आजोबांची वाट बघत आला, यातलं एकच खरं असलं पाहिजे हे मी कुठून आणलं? पिक्चरमधूनच. पिक्चरमध्ये कुत्र्याला एक मालक लागतो. गडचांदूरच्या रस्त्यावर बघा : एका घरी सकाळची पोळी, दुसऱ्या घराच्या ओट्यावर दुपारची झोप, रात्री कोणाच्या तरी वावरात रानडुकरांमागे धावणं. माणिकगडाच्या बाजूच्या गावांत तर रात्री बिबट्याची चाहूल पहिल्यांदा यांनाच लागते आणि बऱ्याचदा पहिला बळीही यांचाच जातो. अशा कुत्र्याचा पिक्चर निघत नाही.

कागदांतही तो फारसा सापडत नाही, सापडतो तो तक्रारीच्या निमित्ताने. जून १८३२ मध्ये मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायची मोहीम नेहमीच्या मुदतीपुढे चालवली, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होतं. पारशांसाठी कुत्रा पवित्र. ते रस्त्यावर उतरले, इतर लोकही सामील झाले, दुकानं बंद पडली, गोऱ्यांचं सामानसुमान अडलं. मुंबईच्या अगदी सुरुवातीच्या दंगलींपैकी ही एक. त्या दंगलीवर अभ्यास झालेला आहे, तो शोधून वाचा, कारण बिनमालकाच्या कुत्र्याचा इतिहास पोलिसी हुकूम आणि अर्जांमधून कसा काढायचा हे त्यात दिसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि अकरा दिवसांत तो बदलला गेला, तेव्हाचे कागदही पुढे कोणाच्या तरी कामाला येतील.

राहिला काकांचा प्रश्न. वहीतली तारीख त्यांना सांगायची की नाही यावर मी दोन आठवडे घालवले. प्रबंधात तर लिहावंच लागणार होतं, आणि छापून आल्यावर कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सांगितलं. ते वही हातात घेऊन बघत राहिले, स्वतःच्याच नावापुढची वर्गणी बोटाने दाखवली. मग म्हणाले, “असन तसं. पण मले तं तो तिथं बसलेला आत्ताबी दिसते.” मी ते वाक्यही तारखेसह लिहून घेतलं.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री ‘७७७ चार्ली’ लावला. २०२२ चा कन्नड पिक्चर, हिंदीतही आहे, आणि यादीतला एकच घ्यायचा तर मी हाच सांगेन. कारखान्यात काम करणारा, कॉलनीत एकटा राहणारा, कोणाशी न बोलणारा धर्मा, आणि बेकायदा पैदास करणाऱ्याच्या तावडीतून पळून आलेली चार्ली. ती आजारी पडते ती त्या पैदाशीमुळेच, आणि धर्मा तिला बर्फ दाखवायला हिमालयाकडे घेऊन निघतो. नाव धर्मा का, हे महाभारताचा शेवट माहीत असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कारखाना आणि कॉलनी बघून आमच्या घरचे सगळे सरसावून बसले. “आपल्यासारखंच हाय,” काका म्हणाले. भाच्याने आजीला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बर्फ दिसायला लागल्यावर ती उठली आणि उरलेला भात घेऊन मागच्या दाराशी गेली.

पिक्चर संपल्यावर भाचा डोळे पुसत म्हणाला, “मामाआजोबा, काळू कसा मेला?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या सहा मुलाखतींमध्ये हा प्रश्नच नव्हता. काकांना माहीत नव्हतं. आत्याला फोन लावला, तिलाही नाही. आजी मागच्या दारातून आत येत म्हणाली, “एक दिवस आला नाही.”